पाठभेद आणि श्रद्धा

ग्रंथ अपौरुषेय असो वा पौरुषेय, त्याची प्रत मात्र नेहमींच पौरुषेय असते. मंत्र कोणीं पाहिले, वाणी कोठून आली, याविषयीं मतभेद होऊं शकेल. पण समोरची पोथी कोणा एका माणसानें कोठें तरी दिव्याच्या उजेडांत मान मोडून लिहिली, यांत मतभेदास जागा नाहीं. धर्मग्रंथांविषयीं बोलतांना आपण ही साधी गोष्ट विसरतों. श्रद्धावान् मनुष्य पोथीस नमस्कार करतो तेव्हां तो मूळ वक्त्यास नमस्कार करीत असतो. मध्यें जे दहा-वीस हात होऊन गेले त्यांची त्यास आठवण नसते. उलट चिकित्सकास ते हातच तेवढे दिसतात, आणि जेथें हात दिसला तेथें लबाडी सांपडली असें तो समजतो. या दोन्ही दृष्टींत कांहीं उणें आहे असें आम्हांस वाटतें. तें कोणतें, हें आमच्या विदर्भांतीलच एका ग्रंथाच्या आधारें दाखवावें असा या लेखाचा हेतु आहे.

तो ग्रंथ म्हणजे म्हाइंभटांचें लीळाचरित्र. त्याविषयीं लिहिण्यास प्रसंगहि तसाच आहे. ज्या ऋद्धिपुरीं हा ग्रंथ सिद्ध झाला त्या अमरावती जिल्ह्यांतील गांवीं आतां मराठी भाषेचें विद्यापीठ स्थापन झालें आहे, आणि २०२४ सालीं मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आहे. जुन्या ग्रंथांच्या नव्या आवृत्त्या निघण्याचा हा काळ आहे. त्या कशा निघाव्यात हा प्रश्न केवळ संशोधकांनीं आपसांत सोडवावा असा नाहीं. जो समाज आपले ग्रंथ वाचतो त्यानें आपण काय वाचतों आहों हें विचारलें पाहिजे.

प्रथम या मधल्या हातांची ओळख करून घेऊं. पोथ्यांच्या जगांत 'लेखक' म्हणजे ग्रंथ रचणारा नव्हे, तर ग्रंथ उतरून काढणारा. पोथीच्या अखेरीस तो आपलें नांव, तिथि व स्थळ देई, आणि बहुधा दोन गोष्टी सांगे. एक ही कीं, जसें पुस्तक समोर होतें तसें उतरलें, शुद्धाशुद्धाचा दोष आपणांकडे नाहीं. दुसरी ही कीं, पाठ, कंबर व मान मोडून हें लिहिलें आहे. तरी तेलापासून, पाण्यापासून व मूर्खाच्या हातापासून त्यास जपावें. युरोपांतील मठांत बसून लिहिणारे लेखकहि असेंच म्हणत: लिहितात तीं तीन बोटें, पण श्रम साऱ्या देहास होतात. पूर्व-पश्चिमेच्या या कष्टकऱ्यांची एकमेकांस ओळख नव्हती. पण त्यांची तक्रार एक आहे, आणि त्यांच्या चुकाहि एकाच जातीच्या आहेत.

त्यांतल्या कांहीं चुका निव्वळ देहधर्माच्या. एकाच शब्दानें संपणाऱ्या दोन ओळी जवळ आल्या म्हणजे डोळा पहिलीवरून दुसरीवर उडी घेतो आणि मधला मजकूर गळतो. समासांत कोणी टीप लिहिली असली तर पुढचा लेखक ती मुळांतून सुटलेली ओळ समजून आंत घेतो. जुनें रूप कानास परकें वाटूं लागलें कीं त्याच्या जागीं ओळखीचें येतें. 'जेया', 'तेया' यांचे नकळत 'जया', 'तया' होतात. या चुका अभ्यासकास फारशा छळीत नाहींत. चार प्रती शेजारीं ठेवल्या कीं त्या सांपडतात. खरी अडचण निराळ्या प्रकारच्या फेरफारांची आहे. तेथें डोळा चुकत नाहीं, हातहि चुकत नाहीं. तेथें भक्ति लिहिते.

या प्रकाराचा सर्वांत कसून अभ्यास झाला आहे तो ख्रिस्ती धर्मग्रंथांचा. नव्या करारांतील ग्रंथ मूळ ग्रीक भाषेंत लिहिले गेले. कर्त्यांच्या हातची एकहि प्रत आज उरलेली नाहीं. तुकड्यांसकट मोजलीं तर ग्रीक हस्तलिखितें पांच हजारांहून अधिक भरतात. पण संपूर्ण नवा करार जींत आहे अशी जुन्यांत जुनी प्रत चवथ्या शतकांतील आहे. टिशेनडॉर्फ या जर्मन पंडितानें ती एकोणिसाव्या शतकांत सिनाई पर्वताच्या मठांत शोधून काढली. म्हणजे मूळ लेखन व ही प्रत यांमध्यें अडीच-तीनशें वर्षांचें अंतर आहे, आणि त्या अंतरांत कितीक लेखक होऊन गेले.

त्यांनीं काय केलें, हें दोन-चार उदाहरणांवरून कळेल. लूकच्या दुसऱ्या अध्यायांत, जुन्या प्रतींत, योसेफास येशूचा बाप म्हटलें आहे. पुढच्या कित्येक प्रतींत 'बाप' हा शब्द जाऊन 'योसेफ' हें नांव आलें. येशू कुमारीच्या पोटीं जन्मला ही ज्याची निष्ठा, त्यास तो शब्द लिहितांना लेखणी अडखळल्यासारखी झाली असावी. मार्कच्या आरंभीं यशया संदेष्ट्याच्या नांवावर दिलेलें वचन वस्तुतः दोन संदेष्ट्यांच्या वचनांचें मिश्रण आहे. शुभवर्तमानकाराची चूक दिसूं नये म्हणून पुढच्या लेखकांनीं यशयाचें नांव काढून 'संदेष्टे' असें अनेकवचन घातलें. तेंच शुभवर्तमान सिनाईच्या व व्हॅटिकनच्या प्रतींत सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनाशीं थांबतें. कबर रिकामी पाहून स्त्रिया भिऊन पळाल्या व कोणास कांहीं बोलल्या नाहींत, एवढ्यावर कथा संपते. असा शेवट कोणा भक्तास सोसेल? पुढें बारा वचनांची पुरवणी जोडली गेली. तींत पुनरुत्थित प्रभूचें दर्शन, उपदेश व स्वर्गारोहण हें सर्व आलें. योहानाच्या पहिल्या पत्रांतील त्रैक्याचें प्रसिद्ध वचन तर इरॅस्मसनें आपल्या १५१६ व १५१९ च्या ग्रीक आवृत्त्यांत घेतलें नव्हतें, कारण त्याच्याजवळच्या ग्रीक प्रतींत तें नव्हतें. त्यावर मोठी ओरड झाली. तें वचन असलेली एक ग्रीक प्रत त्यास दाखविण्यांत आली, आणि १५२२ च्या आवृत्तींत तें आलें.

या लेखकांपैकीं कोणी भामटा होता असें आम्हांस वाटत नाहीं. ग्रंथाचा द्वेष करणारा मनुष्य तो रात्री जागून उतरून काढीत नाहीं. त्यांनीं फरक केले ते ग्रंथावर प्रेम असल्यामुळें, आणि आपण फरक करतों आहों असेंहि त्यांस वाटलें नसेल. आपण आधींच्या लेखकाची चूक सुधारतों आहों असेंच वाटलें असेल. म्हणून श्रद्धेनें ग्रंथ सुरक्षित राहतो हें विधान अर्धेंच खरें. श्रद्धेनें ग्रंथ टिकतो. पण श्रद्धेनेंच तो बदलतो. ज्या ग्रंथाविषयीं कोणास कांहींच वाटत नाहीं तो वाळवीच्या तोंडीं जातो, पण वाळवी मजकूर सुधारीत नाहीं!

मग दोष कोठें आहे? आमच्या मतें दोष बदलांत नसून मौनांत आहे. पाठ बदलणाऱ्यानें आपलें नांव घातलें नाहीं, आणि पहिला पाठ कोणता होता हें पुढच्यास सांगितलें नाहीं. त्यामुळें एका मनुष्याचें मत ग्रंथाचें मत होऊन बसलें. याच ख्रिस्ती परंपरेनें एके ठिकाणीं याच्या उलट वर्तन केलें, हें न्यायासाठीं सांगितलें पाहिजे. दुसऱ्या शतकांत तातियन नांवाच्या पंडितानें चार शुभवर्तमानें एकत्र गुंफून, त्यांतील विसंगति काढून, एक सलग चरित्र तयार केलें. तें सोयीचें होतें, आणि सीरियांतील मंडळ्यांत बराच काळ चाललेंहि. तथापि अखेर टिकलीं तीं चार निरनिराळीं शुभवर्तमानें, आपल्या सर्व विसंगतींसह. चार साक्षीदार चार प्रकारें बोलतात ही अडचण धर्मानें पत्करली. एक गुळगुळीत साक्ष पत्करली नाहीं. जें ग्रंथांच्या बाबतींत साधलें तें ओळींच्या बाबतींत मात्र साधलें नाहीं.

आतां लीळाचरित्राकडे वळूं. श्रीचक्रधरस्वामी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत महाराष्ट्रांत हिंडले. त्यांनीं स्वतः ग्रंथ लिहिला नाहीं. ते बोलले तें मराठींत, आणि ऐकणारांत शास्त्री होते तसे निरक्षरहि होते, पुरुष होते तशा स्त्रियाहि होत्या. स्वामी दृष्टीआड झाल्यावर शिष्यमंडळी ऋद्धिपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निध जमली. तेथें नागदेवाचार्य, म्हणजे पंथाचे भटोबास, स्वामींच्या लीळांचें स्मरण करीत असत. पूर्वाश्रमीं मोठे शास्त्री असलेल्या म्हाइंभटांच्या मनांत आलें कीं, हें स्मरण जाणाऱ्याबरोबर जाईल. त्यांनीं भटोबासांकडून लीळा ऐकून लिहून घेतल्या. मग ज्या भक्तासमोर जें घडलें तें त्याच्याकडे जाऊन विचारलें. १२७८ च्या सुमारास या उद्योगांतून एकांक, पूर्वार्ध व उत्तरार्ध अशा तीन भागांचा ग्रंथ सिद्ध झाला, आणि मराठी गद्याची पहिली मोठी कृति आपणांस मिळाली.

लूकनेंहि आपल्या ग्रंथाच्या आरंभीं असेंच सांगितलें आहे: ज्यांनीं प्रत्यक्ष पाहिलें त्यांच्याकडून आलेली हकीकत नीट शोधून आपण क्रमवार लिहीत आहों. दोघांचें काम एक. पण लूक आपल्या साक्षीदारांचीं नांवें सांगत नाहीं. म्हाइंभटांच्या ग्रंथांत मात्र अमुक गोष्ट अमक्याच्या सांगण्यावरून, हें वाचकास ठायीं ठायीं कळतें. भटोबासांप्रमाणेंच महादाइसेसारखी स्त्रीहि येथें साक्षीदार आहे, आणि तिची साक्ष स्त्रीची म्हणून हलकी धरलेली नाहीं.

पुढचा इतिहास दुःखाचा आहे. चौदाव्या शतकाच्या आरंभीं दिल्लीच्या फौजांनीं देवगिरीचें राज्य मोडलें. त्या धामधुमींत म्हाइंभटांची मूळ पोथी नाहींशी झाली असें पंथाची परंपरा सांगते. ग्रंथ गेला; पण तो ज्यांस मुखोद्गत होता अशीं माणसें उरलीं होतीं. त्यांच्या स्मरणांतून तो पुन्हा उभा करण्यांत आला. यांत हिराइसा या साधिकेचें नांव अग्रभागीं आहे. परशरामबास, रामेश्वरबास अशीं दुसरींहि नांवें येतात. स्मरणें निरनिराळीं, म्हणून पाठहि निरनिराळे झाले. कोठें एखादी लीळा अधिक, कोठें उणी. कोठें स्थळ वेगळें, कोठें संवादाचें वळण वेगळें.

येथें महानुभावांनीं जें केलें तें आमच्या अल्प माहितीप्रमाणें धर्मग्रंथांच्या इतिहासांत विरळा आहे. त्यांनीं एक पाठ खरा ठरवून इतरांस पुसून टाकलें नाहीं. ग्रंथाच्या अंगांतच, लीळेच्या ओघांत थांबून, दुसऱ्याचें स्मरण असें असें आहे अशी नोंद केली. पुष्कळ ठिकाणीं तें कोणाचें हेंहि सांगितलें. या निराळ्या पाठास त्यांनीं शब्द योजला तो 'वासना'. पुढें चौकशी करून जी माहिती मिळाली तिला त्यांनीं 'शोधु' म्हटलें. आजच्या मराठींत वासना हा शब्द हीन अर्थानें चालतो. येथें त्याचा अर्थ, फूल काढून घेतलें तरी वस्त्रास राहणारा वास, मनावर राहिलेला संस्कार, असा घेतला पाहिजे. पाठभेदास 'अपपाठ' म्हणणारा मनुष्य एकास खरें व दुसऱ्यास खोटें ठरवून मोकळा होतो. वासना म्हणणारा मनुष्य एवढेंच म्हणतो कीं, जें घडलें त्याचा ठसा या मनावर असा उमटला व त्या मनावर तसा. घडलेली गोष्ट एक, ठसे दोन. आणि ठसा आपला नसला तरी तो पुसण्याचा अधिकार आपणांस नाहीं. पाठचिकित्सेचें शास्त्र युरोपांत जन्मास येण्यापूर्वीं कित्येक शतकें या वैराग्यशील मंडळींनीं त्या शास्त्राचा नैतिक पाया घातला होता, असें म्हणण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं.

बोललेल्या शब्दाचे असे ठसे पडणें हा केवळ जुन्या काळचा प्रकार नव्हे. चंद्रपूर जिल्ह्याच्या झाडीपट्टींतील आमच्या सावली गांवीं १९३६ सालीं गांधी सेवा संघाचें दुसरें वार्षिक अधिवेशन भरलें. त्यांत महात्माजी बोलले. गांधीवाद म्हणून कांहीं वस्तु नाहीं, आपल्यामागें आपल्या नांवाचा पंथ राहूं नये, या आशयाचे त्यांचे उद्गार त्याच वर्षीं मार्च महिन्यांत 'हरिजन' पत्रांत इंग्रजींत प्रसिद्ध झाले. अधिवेशनाचें विवरण हिंदींत निराळें निघालें. आसपासच्या खेड्यांतील ज्या माणसांच्या कानीं तें बोलणें गेलें त्यांनीं तें मराठींत मनाशीं धरलें असेल. आपल्यामागें पंथ नको म्हणणाऱ्या पुरुषाचें वचनहि तीन भाषांच्या तीन वाटांनीं पुढें जातें. छापखाना, लघुलेखक व वर्तमानपत्र यांच्या काळांत हें होतें, तर तेराव्या शतकांतील शिष्यांस आपण कोणत्या तोंडानें नांवें ठेवावीं? त्यांनीं वाट कोणती हें लिहून ठेवलें, हेंच विशेष.

मराठींत याच्या उलट मार्गाचेंहि एक थोर उदाहरण आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ म्हणजे १२९० सालीं पूर्ण झाली. तिच्या प्रती होतां होतां पाठ बिघडले, पदरच्या ओव्या घुसल्या. शके १५०६ म्हणजे १५८४ सालीं पैठणास एकनाथमहाराजांनीं तिचें शुद्धीकरण केलें, आणि यापुढें कोणी आपली ओवी तींत घालील तर तें अमृताच्या ताटांत नरोटी ठेवण्यासारखें होईल असा इशारा दिला. नव्या कराराच्या शेवटच्या ग्रंथाच्या अखेरीसहि, जो यांत भर घालील वा यांतून कांहीं काढील त्यास शाप दिलेला आहे. नाथांची भाषा शापाची नाहीं. ती घरांतल्या वडील माणसाची आहे. पण दोन्हींच्या मुळाशीं भय एकच: ग्रंथ हाताबाहेर जातो आहे.

नाथांचे उपकार मराठी समाज विसरूं शकत नाहीं. वारकऱ्यांच्या पिढ्यांनीं जी ज्ञानेश्वरी वाचली ती त्यांनीं राखलेली. तरीहि समीक्षकानें एक प्रश्न विचारलाच पाहिजे. शुद्धीकरण करतांना जें गाळलें तें कोठें आहे? कोणत्या प्रती त्यांच्यासमोर होत्या, कोणता पाठ कां सोडला, याची टिपणें आपणांपर्यंत आलेलीं नाहींत. नाथांच्या अधिकारामुळें त्यांचा पाठ सर्वत्र पसरला, आणि त्यापूर्वींच्या प्रती उतरून काढण्याचें कारण उरलें नाहीं. १९०९ सालीं इतिहासाचार्य राजवाडे यांनीं एक प्रत नाथपूर्व म्हणून प्रसिद्ध केली तेव्हां केवढा वाद माजला! ती खरोखर तितकी जुनी कीं नाहीं हें सर्वांस मान्य होईल असें ठरलें नाहीं, कारण तुलनेस लागणारी सामग्रीच तुटपुंजी होती. शुद्ध पाठाचा लाभ झाला. पण तो कशांतून शुद्ध झाला हें पाहण्याची वाट बुजली. नाथांच्या जागीं वासना नोंदणारा महानुभाव लेखक असता तर ज्ञानेश्वरी कदाचित् इतकी सुबोध राहिली नसती. पण तिचा इतिहास आपणांस अधिक कळला असता.

तिसरें उदाहरण ज्यांस कोणी राखणदारच उरला नाहीं अशा ग्रंथाचें. फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानें ओवीछंदांत रचलेलें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं गोमंतकांत रायतूर येथें रोमन लिपींत छापलें गेलें; १६४९ व १६५४ सालीं पुन्हा छापलें गेलें. या तिन्ही आवृत्त्यांची एकहि छापील प्रत आज ज्ञात नाहीं. पुढें पोर्तुगीज सरकारचा देशी भाषांवर रोष झाला, आणि छापलेला ग्रंथ पुन्हा हस्तलिखितांच्या आश्रयास गेला! भाविक ख्रिस्ती घराण्यांनीं हातानें प्रती करून तो जगविला. अशाच प्रतींवरून जोसेफ साल्ढाणा यांनीं १९०७ सालीं मंगळुरास आपली आवृत्ति काढली. पुढें १९२३ सालीं जस्टिन अ‍ॅबट यांनीं लंडनमधील मार्सडेन संग्रहांतील देवनागरी प्रतीची माहिती प्रसिद्ध केली आणि हाच मूळ पाठ असें प्रतिपादिलें. ती प्रत रोमन प्रतींहून अधिक संस्कृतप्रचुर आहे; रोमन प्रतींत जेथें परकी धर्मशब्द येतात तेथें तींत पुष्कळदां संस्कृत शब्द आढळतात. आतां मूळ कवीनें संस्कृत शब्द योजले व पुढें परकी घुसले, कीं परकी होते ते कोणा देशी लेखकानें भाषेच्या प्रेमानें काढले? दोन्ही शक्य आहेत, आणि दोन्हींमागें भक्तीच आहे. पण येथें कोणी वासना नोंदलेली नाहीं. म्हणून सुमारें अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाविषयीं पंडित आज तर्कावर भांडतात.

आमच्या या विवेचनावर दोन आक्षेप येतील. पहिला असा कीं, महानुभावांचें एवढें कौतुक कशास? त्यांनीं तर आपले ग्रंथ सकळ व सुंदर अशा सांकेतिक लिप्यांत कोंडून ठेवले. हें खरें आहे. चौदाव्या शतकांत सुरू झालेल्या या रिवाजामुळें ग्रंथ परक्यांच्या हस्तक्षेपापासून वांचला, पण परक्यांच्या नजरेपासूनहि दूर राहिला. विसाव्या शतकाच्या आरंभीं राजवाडे, वि. ल. भावे, यवतमाळचे य. खु. देशपांडे इत्यादिकांच्या परिश्रमांनीं तें कुलूप निघालें, तोंवर मराठी वाङ्मयाच्या इतिहासकारांस आपल्या गद्याचा आरंभच ठाऊक नव्हता. ज्या हातांनीं घरांतले मतभेद इतक्या उदारपणें जपले त्यांनींच घराचें दार लावून घेतलें, ही या परंपरेंतील विसंगति आम्ही लपवूं इच्छीत नाहीं. तिचीं कारणें त्या काळच्या छळांत व भयांत आहेत. पण तिची किंमत साऱ्या मराठी भाषेनें दिली.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. नांव घातल्यानें साक्ष खरी ठरते काय? हिराइसेच्या नांवावर कोणी आपलें मत खपविलें नसेल कशावरून? नसेलच असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ज्या विधानास धनी आहे त्याची उलटतपासणी करतां येते. हिराइसेच्या दहा वासना एकत्र ठेवून तिची स्मरणाची धाटणी पाहतां येते, अकरावी तिजशीं जुळते कीं नाहीं हें विचारतां येतें. मार्कच्या शेवटीं बारा वचनें जोडणाऱ्यास आपण काय विचारणार? त्यानें मार्कच्या पाठीमागें उभें राहून उत्तर दिलें आहे. निनावी भर ही ग्रंथाशीं एकजीव होते आणि ग्रंथाचाच अधिकार वापरते. तिच्याशीं वाद घालणारा ग्रंथाशीं वाद घालतो असें दिसतें. श्रद्धेस धोका आहे तो येथें. एकेक ओळ उपरी ठरत गेली म्हणजे ज्याच्या मनांत ग्रंथ अखंड होता त्याचा सगळ्यावरचाच विश्वास उडतो. ज्यानें प्रथमपासून वासना वाचल्या त्याचा विश्वास असा उडत नाहीं. सातशें वर्षें महानुभाव साधकांनीं हा ग्रंथ पाठभेदांसह पूजिला. स्वामींवरील त्यांची निष्ठा त्यामुळें तिळभर कमी झालेली दिसत नाहीं.

आतां प्रस्तुत प्रश्न. लीळाचरित्राच्या छापील आवृत्त्या थोड्या नाहींत. नागपूरचे ह. ना. नेने यांनीं १९३६ पासून १९५० पर्यंत तें भागशः प्रसिद्ध केलें, डॉ. वि. भि. कोलते यांची आवृत्ति १९७८ सालीं निघाली. या दोघां वैदर्भीय पंडितांच्या श्रमांवाचून हा लेखहि लिहितां आला नसता. परंतु सर्वसाधारण वाचकाच्या व विद्यार्थ्याच्या हातीं पडतात तीं निवडक उताऱ्यांचीं पुस्तकें. त्यांत सोयीसाठीं वासना गाळलेल्या असतात, जुनीं रूपें नव्या शुद्धलेखनाजवळ आणलेलीं असतात, आणि पाठ कोणत्या परंपरेचा हें क्वचितच सांगितलेलें असतें. म्हणजे ज्या ग्रंथाचा विशेषच साक्षींची अनेकता हा, तो विद्यार्थ्यास एकसुरी गोष्टीच्या पुस्तकासारखा भेटतो. संपादकाचा हेतु चांगला असतो, यांत शंका नाहीं. त्या निनावी ग्रीक लेखकांचा हेतुहि चांगलाच होता.

पूर्वीं एका लेखकाची चूक त्याच्या प्रतीपुरती व त्या प्रतीच्या संततीपुरती राही. आजचा लेखक संगणकासमोर बसतो. त्यानें गाळलेली ओळ त्याच दिवशीं हजारों ठिकाणीं गळते, आणि त्याच्या प्रतीखालीं नांव, तिथि, स्थळ कांहींच नसतें. शुद्धाशुद्धाची क्षमा मागणारा जुना लेखक निदान समोर उभा तरी होता.

म्हणून ऋद्धिपुराहून किंवा अन्य कोठूनहि जी नवी आवृत्ति निघेल तिजकडून आमची अपेक्षा मोजकीच आहे. निरनिराळे पाठ मिसळून एक रुचकर पाठ शिजवूं नये. ज्या परंपरेचा पाठ घेतला तिचें नांव पहिल्या पृष्ठावर असावें, आणि इतर परंपरा शेजारीं वाचतां याव्यात. वासना व शोध हे तळटीपांत न ढकलतां ग्रंथांत जेथें आहेत तेथेंच राहावेत. ती संपादकाची अडगळ नव्हे, ग्रंथाचें तें अंग आहे. शब्दांचीं रूपें बदलणें भाग पडलें तर तें सांगून बदलावें. मूळ पोथ्यांचीं छायाचित्रें कोणाहि वाचकास पाहतां यावींत, म्हणजे ज्यास संपादकाचा निर्णय पटणार नाहीं त्यास स्वतःचा करतां येईल. शाळेंतील मुलांसाठीं सोपें पुस्तक अवश्य काढावें. पण त्यांतहि एखादी वासना जशीच्या तशी ठेवावी. एकाच घटनेचे दोन प्रामाणिक साक्षीदार दोन प्रकारें बोलूं शकतात आणि दोघांचाहि आदर राखतां येतो, हें मुलांस शिकविण्यास याहून सोपा धडा आम्हांस ठाऊक नाहीं.

धर्मग्रंथांविषयीं आज आपल्याकडे दोनच स्वर ऐकूं येतात. एक म्हणतो, अक्षरहि बदललेलें नाहीं. दुसरा म्हणतो, सर्व मागाहून घुसडलेलें आहे. पहिल्यानें हस्तलिखितें पाहिलेलीं नसतात, आणि दुसऱ्यानें तीं लिहिणारीं माणसें पाहिलेलीं नसतात. या दोघांच्या मधोमध, सातशें वर्षांपूर्वीं आमच्याच विदर्भाच्या मातींत, आपलें स्मरण सांगून झाल्यावर दुसऱ्याचें स्मरण निराळें आहे असें लिहून पुढें जाणारी एक परंपरा होऊन गेली. तिनें आपल्या देवाविषयीं संशय धरला नाहीं; संशय धरला तो स्वतःच्या स्मरणाविषयीं. नव्या संपादकांनीं तिच्याकडून घेण्यासारखें आहे तें हेंच.